सरळ पत्र्यावरून

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि ती आता नाही. ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला मी दर रविवारी भेटते, तिच्या घरी तास-दोन तास बसते — आणि तिलाही माहीत नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सांगण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. ती आजही नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते.

कुठून सुरू करू? छपरापासून सुरू केलं तर लगेच तिथे पोचेन — आणि मला इतक्या लवकर तिथे पोचायचं नाहीये. वैशालीपासून करते.

वैशाली आणि मी जळगावात एकाच पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होतो. रक्त काढायचं, नळ्यांवर नावं टाकायची, मशीन लावायचं. लॅबमध्ये जेवायला जागा नव्हती, म्हणून डबा घेऊन आम्ही इमारतीच्या गच्चीवर जायचो आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. समोर एक अर्धवट सोडलेलं व्यापारी संकुल होतं. नुसते खांब, वर आलेल्या गंजक्या सळया, खिडक्यांच्या जागी भोकं. एक दिवस भाकरीचा तुकडा हातात धरून ती त्याच्याकडे बघत म्हणाली, आत कसं असेल गं? त्या रविवारी आम्ही आत गेलो. तिथून लागलं ते वेड.

वेडच म्हणायचं, दुसरं काय? आमच्या वयाच्या मुली रविवारी मेहंदीच्या क्लासला जायच्या, आम्ही पडक्या इमारतींत. भुसावळला रेल्वेची ओस पडलेली क्वार्टर्स बघितली. एका घराच्या भिंतीवर अजून कुणाच्या तरी मुलांची उंची पेन्सिलीने मांडलेली होती. धुळ्याला एक बंद पडलेलं थेटर होतं, खुर्च्या उपटून नेलेल्या, पडद्याच्या जागी पांढरी भिंत आणि तिच्यावर कबुतरांच्या विष्ठेचे ओघळ. जळगावातल्या उंच इमारतींच्या गच्च्या तर आम्हाला पाठ होत्या. उन्हाळ्यात डांबर पायाला चिकटायचं आणि खाली सगळं शहर भाजून निघालेलं दिसायचं. घरी सांगायचो, देवदर्शनाला चाललोय. वैशालीची आई, अक्का, प्रसाद मागायची. मग परतताना कुठूनतरी पेढे घ्यावे लागायचे.

फोटो वैशाली काढायची. तिचा हात चांगला होता. आणि नियमही तिचेच. एकटीने जायचं नाही. आतलं काही उचलायचं नाही. पडद्याचा एक जुना लोखंडी रॉड ती बरोबर ठेवायची आणि पाय टाकण्याआधी जमीन ठोकून बघायची — जिना असो, माळा असो. आणि सिमेंटच्या पत्र्यावर, त्या राखाडी नालीदार पत्र्यावर, कधीही चढायचं नाही. तिच्या काकांच्या शेडवर पत्रे बसवणारा एक माणूस त्यातून आरपार खाली गेलेला तिने लहानपणी पाहिला होता. मी तिला हसायचे. म्हातारी म्हणायचे. ती म्हणायची, म्हण, पण ठोकून बघ.

हे तिचे नियम मी मुद्दाम सांगते आहे. पुढे त्यांची गरज पडेल.

वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा योगेश, मूळचा धुळ्याकडचाच, पण सुरतेला कामाला. आपल्याकडची निम्मी माणसं जातात तशी तीही आता सुरतेला जाणार होती. त्याला तिचा हा छंद माहीत होता आणि — गंमत बघा — आवडतही होता. तिचे फोटो तो मित्रांना दाखवायचा. लॅबमध्येही सगळे तिलाच विचारायचे, या रविवारी कुठे? मी तिच्या शेजारी उभी असायचे. पण मला कुणी विचारायचं नाही. विचारण्यासारखं होतंही काय? ठिकाण ती शोधायची, वाट ती ठरवायची, पुढे ती जायची. मी मागून.

मला जळायचं होतं का तिच्यावर? नाही. पण जळत होते. इतकं साधं आहे ते.

त्या थंडीत एका रविवारी ती अक्काबरोबर लग्नाच्या साड्या घ्यायला गेली, आणि मी ठरवलं, आज एकटी जाते. धरणगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक जिनिंग होती — कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. कित्येक वर्षांपासून बंद. आम्ही तिथे जायचं म्हणत होतो. मी स्कूटीवर गेले. फाटकापाशी दोन कुत्री होती. ती उठून उभी राहिली, आणि मी फाटकाच्या बाहेरूनच परत फिरले. एवढंच. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही.

सोमवारी डबा खाताना मी वैशालीला सांगितलं की मी आत गेले. छपरावर चढले. आणि — का सांगितलं हे, देव जाणे — सरळ सिमेंटच्या पत्र्यावर चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. ती जेवायची थांबली. वेडी आहेस का, म्हणाली. मी म्हटलं, अगं, काही होत नाही, मजबूत आहेत पत्रे, उगीच घाबरतेस तू. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात थोडं कौतुक होतं. मला ते दिसलं. फार गोड लागलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. लग्नाआधीची आपली शेवटची, असं ती म्हणाली होती.

सकाळ होती, चांगलं ऊन पडलं होतं. बाजूच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. कुत्री त्या दिवशी नव्हती. जिनिंगची मोठी शेड, विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे. बाहेरून भिंतीला लोखंडी शिडी. शेडच्या दुसऱ्या टोकाला स्लॅबची एक खोली होती, तिच्यावर उभं राहिलं की लांबवर दिसणार होतं. शिडीजवळ असताना वैशालीला योगेशचा फोन आला. मी म्हटलं, तू बोल, मी होते पुढे.

मी वर चढले आणि पत्रे पाहिले. काळे पडलेले, शेवाळ वाळलेलं, ठिकठिकाणी भेगा. त्यांच्यावर पाय ठेवायची माझी छाती झाली नाही. पण भिंतीच्या कडेने सिमेंटची पन्हळ होती, पावसाचं पाणी वाहून न्यायला केलेली, जेमतेम पाऊल मावेल एवढी. तिच्यावरून मी बसत, सरकत गेले. मध्ये पिंपळाची रोपं उगवली होती. ती वाकवून मी पलीकडे गेले आणि ती पुन्हा सरळ झाली. मी स्लॅबवर पोचले. कपडे झटकले आणि उभी राहिले.

मग वैशाली वर आली. तिला मी पलीकडच्या टोकाला उभी दिसले. मधे सगळे पत्रे. पन्हळ पिंपळाने झाकलेली.

तिने हाक मारून विचारलं, "कोणत्या बाजूने गेलीस?"

मी इथे थांबले होते, हे तुम्हाला सांगायला हवं. उत्तर देण्याआधी मी थांबले. ते तोंडातून चुकून निसटलेलं नव्हतं. कडेने, असं सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्या दिवशी पत्र्यावरून कशी गेलीस? आणि सोमवारची ती नजर परत गेली असती. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. तेवढा वेळ होता मला.

मी म्हटलं, "सरळ ये. पत्र्यावरून."

"नक्की?"

"अगं, आत्ताच आले ना मी."

तिने रॉडने पहिला पत्रा ठोकला. पाय ठेवला. पुन्हा ठोकला. मी हसले. मोठ्याने, तिला ऐकू जावं म्हणून हसले, आणि म्हातारी म्हणाले. तीही हसली. मग तिने ठोकणं थांबवलं आणि चालायला लागली, माझ्याकडे बघत.

आवाज काही मोठा झाला नाही. पापड मोडावा तसा झाला. आणि छपरावर ती नव्हती.

पन्हळीवरून मी परत कशी आले, शिडी कशी उतरले, आठवत नाही. आत सगळीकडे धूळ उडत होती आणि वरच्या भोकातून ऊन खाली पडलं होतं. ती जुन्या यंत्राच्या चौथऱ्याजवळ होती. डोकं एका बाजूला. श्वास चालू होता. मी ओरडत बाहेर आले तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला कापसाच्या ओट्या तशाच बांधलेल्या धावत आल्या. त्यांतली एक म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, "काय व्हयनं वं माय?"

आणि मी काय म्हटलं? तिला न मी ओळखत होते, न ती मला. तिच्याशी खोटं बोलायचं काही कारण होतं का? पण मी म्हटलं, "मी नको नको म्हणत होते. तिने ऐकलंच नाही."

वैशाली तिथे, मातीत. तिच्या कानामागून रक्त येत होतं. आणि माझ्या तोंडून पहिलं हेच आलं.

एकदा बोललं की ते आपलं आपण पुढे जातं. टेम्पोवाल्याला तेच सांगितलं. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांना तेच. पोलीस जबाब घ्यायला आले, त्यांना तेच. आणि अक्का आली तेव्हा तिलाही. अक्का पारोळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. तिने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "तू ते मनी पोरच शेस." मी तिचीच पोर, म्हणे; आणि तिची स्वतःची पोर आत ऑपरेशनच्या टेबलावर होती. मी अक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ते रडणं खरं होतं. पण त्याचा काय उपयोग?

वैशाली वाचली. कमरेखाली तिचं अंग गेलं, कायमचं. शुद्धीवर आली तेव्हा तो दिवस तिच्या डोक्यातून पुसला गेला होता. आदल्या संध्याकाळी साडीला फॉल लावत बसली होती, तिथपर्यंत आठवायचं. पुढे काही नाही. डॉक्टर म्हणाले, परत आठवेल किंवा आठवणारही नाही.

हे ऐकून मला काय वाटलं असेल? तुम्ही ओळखलं असेलच. सुटले, असं वाटलं.

तिने मलाच विचारलं, काय झालं होतं? पलंगाशेजारी स्टुलावर बसून मी तिला सगळं सांगितलं — म्हणजे ती पत्र्यावर चढायला निघाली, मी अडवत होते, ती हट्टाला पेटली, वगैरे. तिने ते अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी? पत्र्यावर?" मी मान हलवली. तिने माझा हात हातात घेतला आणि मला किती भीती वाटली असेल म्हणून माझीच माफी मागितली.

तिथे तरी बोलायचं. नाही बोलले.

योगेश आला होता. त्याच्या घरच्यांचं मन फिरलं होतं. बाहेर बाकावर बसून त्याची आई नातेवाइकांना सांगत होती की अंग गेलं ते नशीब म्हणू, पण मोठ्यांचं, मैत्रिणीचं न ऐकणारी पोरगी घरात कशी आणायची. माझ्या खोट्याने त्यांना बोलायला बरं कारण दिलं होतं. नुसत्या पांगळेपणावरून मोडलं असतं तर त्यांनाही लाज वाटली असती. योगेश मात्र तयार नव्हता. तो मला दवाखान्याच्या मागे पार्किंगमध्ये घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, मला एक कळत नाही. त्या दिवशी ती फोनवर मला म्हणाली होती, मनीषा पुढे गेलीय पण मी पत्र्यावर पाय ठेवणार नाही, कडेनेच जाईन. मग दोन मिनिटांत असं काय झालं?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला फक्त ती तीच आहे, एवढं ऐकायचं होतं. त्याला माहीत होती ती वैशाली — ठोकून बघणारी. ती तशीच होती, एवढं मी म्हटलं असतं तर तो आईसमोर उभा राहिला असता, असं मला त्याच्या चेहऱ्यावरून त्याच वेळी कळत होतं.

मी म्हटलं, "त्या दिवशी तिच्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. ऐकेचना."

बरं, एवढंच तो म्हणाला. पुढच्या महिन्यात लग्न मोडल्याचा निरोप आला. त्याचं नंतर सुरतेतच दुसरीशी झालं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं आहे. हो, बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं, जळगावातच राहते, मुलगी शाळेत जाते. दर रविवारी मी वैशालीकडे जाते, तिचे केस धुते, चादर बदलते. लोक माझं उदाहरण देतात. नवरा पाहुण्यांसमोर सांगतो, मैत्री बघायची तर हिची बघा. मी आत पाणी आणायला जाते.

आणखी एक सांगायचं राहिलं. तुम्हाला वाटत असेल मी तो छंद सोडला. नाही सोडला. वर्ष-दीड वर्षाने धुळ्याला लग्नाला गेले असताना त्या बंद थेटरात एकटी जाऊन आले. वरही चढले. भिंतीच्या कडेकडेने चालले, पाय टाकण्याआधी ठोकून बघत.

मी वैशालीचे पाय घेतले, असं मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलंय. पण पाय पत्र्याने घेतले, असंही म्हणता येईल. मी घेतलं ते वेगळंच. ती सावध मुलगी होती. स्वतःच्या डोक्याने चालणारी. मी तिला सांगितलं की तू तशी नाहीस — आणि तिने माझं ऐकलं. आता ती कुठलीच गोष्ट आपली आपण ठरवत नाही. औषध बदलायचं तर मला विचारते, खिडकी उघडू का विचारते. घरी बसून ती लॅबचे रिपोर्ट टाइप करते आणि एकेक आकडा फोनवर मला वाचून दाखवते, बरोबर आहे ना म्हणून. शेजारच्या मुलींना सांगते, बायांनो, दुसऱ्याचं ऐकत जा, मी ऐकलं नाही.

अक्का तर तिला कधी क्षमा करू शकली नाही. प्रेमाने सगळं केलं — कूस बदलणं, जखमा धुणं, सगळं. पण हात थकले की तोंडातून यायचंच, "बठ्ठं तुना हट्टमुये व्हयनं." सगळं तुझ्या हट्टामुळे, हे वैशाली ऐकून घ्यायची. मी तिथेच असायचे, बादली घेऊन. मागच्या वर्षी अक्का गेली. जाण्याआधी तिने माझा हात धरून वैशालीला बजावलं की इथून पुढे हिच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. वैशालीने हो म्हटलं. मीसुद्धा हो म्हटलं.

आणि आता जे सांगायला मी हे सगळं सुरू केलं ते. नुसत्या जुन्या पापाची कबुली द्यायची असती तर कदाचित मी आलेच नसते.

गेल्या महिन्यात मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती आरशात माझ्याकडे बघत होती. म्हणाली, मनीषा, अलीकडे मला काहीतरी दिसतं. स्वप्न नाही, जागेपणी. लांबवर तू उभी आहेस, उन्हात. मी तुला काहीतरी विचारते आणि तू उत्तर देतेस. तुझे ओठ हलतात पण मला ऐकू येत नाही.

माझा हात तिच्या डोक्यावर होता. तिने विचारलं, "काय विचारलं होतं गं मी?"

घरात आम्ही दोघीच होतो. अक्का नव्हती, पोलीस नव्हते, योगेश नव्हता. गमवायला माझ्याकडे काय होतं, आणि तिच्याकडे काय उरलं होतं? ती इतक्या वर्षांनी त्या शिडीच्या टोकाशी परत येऊन उभी होती आणि मलाच विचारत होती. दुसऱ्यांदा. आणि या वेळीही मी थांबले. या वेळीही मला पुरेसा वेळ होता.

मी म्हटलं, "तू विचारलंस, येऊ का. मी म्हटलं, नको."

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने मान हलवली आणि म्हणाली, बरं झालं, आता ते दिसलं तरी त्रास नाही होणार. मग म्हणाली, चहा टाकशील का. मी हात धुतले, चहा टाकला. दोघींनी घेतला. कप विसळून पालथे घातले, दार ओढून घेतलं आणि घरी आले.